त्रिकट, बडा, कलमी

आंग्र्यांच्या आरमाराविषयी वाचताना ‘दोन डोलकाठ्यांची गुराब’, ‘तीन डोलकाठ्यांची गुराब’ असे उल्लेख येतात. त्यांतून संख्या कळते, नावे कळत नाहीत. पण भर वादळात ‘ती काठी’ म्हणून भागत नाही. हुकूम सुटताच खलाशाचा हात नेमक्या दोरावर पडायला हवा. दोराची ओळख शिडावरून पटते आणि शिडाची डोलकाठीवरून.

तीन काठ्यांच्या इंग्रजी जहाजावर पुढची ‘फोर’, मधली ‘मेन’ आणि सुकाणूकडची ‘मिझन’. हिंदी खलाशांच्या बोलीत त्यांनाच त्रिकट, बडा आणि कलमी म्हणत. ‘त्रिकट’ हा पोर्तुगीज ‘त्राकेत’चा अवतार, ‘बडा’ सरळ हिंदुस्थानी, तर ‘कलमी’ अरबांच्या गलबतांवरचा. एका जहाजावर तीन काठ्या आणि तीन भाषा!

मोठ्या जहाजाची डोलकाठी एकसंध नसे. एकावर एक लाकूड जोडून ती उंच केलेली असे. खालच्या मोठ्या शिडावरचे शीड म्हणजे ‘गावी’. हा शब्दही पोर्तुगीजांकडून आला. ‘त्रिकट गावी’ म्हटले की पुढची काठी, वरचे शीड. दोन शब्दांत जागा पक्की. या बोलीचे महत्त्व ओळखून टॉमस रोबक या लष्करी अधिकाऱ्याने 1811 साली कलकत्त्यात इंग्रजी-हिंदुस्थानी नाविक कोश छापला.

अठराव्या शतकातील इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्म सांगतो, की तीन काठ्यांची गुराब सुमारे 300 टनांची, दोन काठ्यांची 150 टनांपर्यंतची असे. गलबत क्वचितच 70 टनांपलीकडे जाई. त्याला काठ्या दोन; मागची अगदी बारीक. म्हणजे काठ्या मोजल्या, की जहाजाचा अंदाज येई.

1756च्या फेब्रुवारीत विजयदुर्गाखाली तुळाजी आंग्र्यांचे आरमार जळाले. खलाशांची बोली मात्र इंग्रजांच्या जहाजांवर पुढेही चालू राहिली. तिची शिडांची नावे निरुपयोगी केली ती आगबोटीने. शीडच उरले नाही, मग ‘गावी’ कोण म्हणणार?

सुकाणू, तांडेल, खलाशी हे शब्द आपल्याकडे टिकले. ‘डोलकाठी’ही टिकली, पण सर्व काठ्यांचे एकच नाव म्हणून. याचा तोटा अभ्यासकाला होतो. उद्या जुन्या कागदात ‘त्रिकट मोडली’ असे आढळले, तर ‘त्रि’ पाहून तो तिन्ही काठ्या मोडल्या असे समजेल आणि जहाज बुडाले म्हणून लिहून मोकळा होईल. प्रत्यक्षात पुढची एकच काठी गेलेली असेल, आणि उरलेल्या दोन काठ्यांवर जहाज बंदराला लागलेही असेल.