नागपूरचा रेडिओ आणि दहा सेकंदांचा भाव

पैसे घेऊन जाहिरात ऐकवण्याचा प्रयोग आकाशवाणीने १ नोव्हेंबर १९६७ रोजी विविध भारतीवर सुरू केला, तो मुंबई, पुणे आणि नागपुरात. दिल्ली-कलकत्ता मागाहून. हे आमच्या किती व्यापारी बांधवांना ठाऊक आहे?

१९५२ नंतर माहितीमंत्री केसकरांनी सिनेगीतांना आकाशवाणीचे दार बंद केले. श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले, त्यांच्यामागे जाहिरातीचा पैसाही गेला. १९५७ मध्ये विविध भारती काढून श्रोते परत आणले. जाहिरातीला मात्र आणखी दहा वर्षे लागली. सरकारी कारभार!

खासगी एफएमची पहिली परवाना फी दरवर्षी १५ टक्क्यांनी वाढे, त्यात अनेकांचे कंबरडे मोडले. २००५ च्या धोरणाने ती उत्पन्नाच्या ४ टक्क्यांवर आणली. त्यानंतर मिर्ची, माय एफएम नागपुरात आले. भर हिंदी सिनेगीतांवर. मराठी गाण्याला जागा थोडीच, हे आम्हाला खटकते.

भाव दहा सेकंदांचा असतो. मिहानकडे नोकरदारांची ये-जा चालते ती सकाळ-संध्याकाळची वेळ महाग. वर्धा मार्गावरच्या लहान दुकानदाराने दुपारचा दर आधी विचारावा. दुपारी घरी आणि दुकानांत रेडिओ चालू असतो, आणि गिऱ्हाईक तिथेच आहे.