आधी गोठा, मग घर

पुराच्या आराखड्यात माणसे मोजलेली असतात, बोटी मोजलेल्या असतात. दावणीची जनावरे बहुधा नुकसानभरपाईच्या रकान्यात येतात, म्हणजे मेल्यावर. माझ्या मते गफलत इथेच आहे. कृष्णा-पंचगंगेच्या काठावर घर कधी सोडायचे, हे पुष्कळदा गोठा ठरवतो.

ऑगस्ट २०१९ मध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेने ५५ फूट ओलांडले. तिथली इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. चिखली, आंबेवाडीला वेढा पडला, आणि बोट दारात येऊनही काहीजण निघेनात. दर दहा दिवसांच्या दूधबिलावर ज्याचा संसार चालतो, त्याला ‘जनावरे सोडा, जीव वाचवा’ हे सांगणे सोपे, ऐकणे नव्हे.

अमेरिकेत २००५ च्या कतरिना वादळात कुत्र्या-मांजरांपायी अनेकांनी घरे सोडली नाहीत. पुढच्याच वर्षी, स्थलांतराच्या योजनेत पाळीव प्राण्यांचा विचार हवा, असा कायदा तिथे झाला. आपल्याकडे प्रश्न मायेचा आहे आणि पोटाचाही.

रबरी बोटीत म्हैस चढत नाही. म्हणून जनावरे हलवायची वेळ ३९ फुटांची, रस्ता कोरडा असतानाची. त्या चार फुटांत सगळे उरकायचे, तर मे महिन्यातच गावाने बसून ठरवायला हवे: टेम्पो कोणाचा, उंचावरची जागा कोणाची, कोरडा कडबा कुठे रचायचा, धारा कोण काढणार. (कास तुंबली की दगडी होते, हे कागदावर कधी येत नाही.) घटसर्पाची लस पावसाआधी टोचून घ्यायची. कानातल्या पिवळ्या बिल्ल्याचे बारा आकडे वहीत उतरवायचे, म्हणजे छावणीत म्हैस कोणाची यावरून तंटा नको. रेडकू आधी चढवले की म्हैस बिनबोभाट मागे येते, हे जाणकारांना सांगायला नकोच. आणि उशीर झालाच, तर दावे कापावे. म्हैस पट्टीची पोहणारी. बांधलेली मात्र जागीच बुडते.

१९८९ च्या पुरानंतर चिखली-आंबेवाडीच्या पुनर्वसनासाठी सोनतळीला जागा दिली गेली. तरी पुष्कळांनी मूळ गाव सोडले नाही. शेत खाली आणि गोठाही खाली. जुलै २०२१ मध्ये मात्र पाणी चढण्याआधीच अनेकांनी जनावरे दावणीतून सोडली आणि सोनतळीची वाट धरली.