बाहीवरचा वाघ: जर्मन सैनिकी चिन्हांचा अस्सलपणा कसा ठरतो?

जबलपूरमधील कमानिया गेट १९३९ च्या त्रिपुरी काँग्रेस अधिवेशनाची आठवण देते. त्या अधिवेशनाचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस होते. १९३२ मध्ये याच शहरातील तुरुंगात त्यांना ठेवण्यात आले होते. आज तो तुरुंग त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

एप्रिल १९४१ मध्ये बोस बर्लिनला पोहोचले. उत्तर आफ्रिकेत जर्मन आणि इटालियन सैन्याने पकडलेल्या भारतीय युद्धकैद्यांमधून तेथे स्वतंत्र भारतीय दल उभारण्यात आले. त्याचा गणवेश जर्मन होता. मात्र उजव्या बाहीवर ढालीच्या आकाराचे कापडी चिन्ह असे. त्यावर केशरी, पांढरा व हिरवा असे पट्टे, झेपावणारा वाघ आणि 'स्वतंत्र भारत' या अर्थाचे जर्मन शब्द विणलेले होते. ऑगस्ट १९४४ मध्ये हे दल वाफेन-एसएसच्या अधिकारात गेले.

दुसऱ्या महायुद्धातील जर्मन सैनिकी चिन्हांना जगभरातील संग्राहकांकडून मोठी मागणी आहे. त्यामुळे युद्धानंतर त्यांच्या नकलाही मोठ्या प्रमाणावर तयार झाल्या. हे दल लहान असल्याने त्याची अस्सल चिन्हे मोजकीच उरली आहेत.

तपासणीत प्रथम विणकाम व मागील बाजूचे धागे पाहिले जातात. पॉलिएस्टरचा धागा आढळल्यास वस्तू नंतरची ठरते. अतिनील प्रकाशात कापड निळसर पांढरे चमकल्यास संशय बळावतो. मात्र ते चमकले नाही, एवढ्यावरून अस्सलपणा सिद्ध होत नाही. शिवणीच्या खुणा, झीज आणि रंगाचा फिकटपणा एकमेकांशी जुळावा लागतो.

तथापि, सर्वांत भक्कम पुरावा कागदाचा असतो. वेतनपुस्तिका, पत्रे किंवा छायाचित्र यांवरून ती वस्तू कोणाची होती हे कळते. भारतात हा प्रश्न विशेष नाजूक आहे. काही भारतीय जर्मन गणवेशात होते, तर इतर अनेक जण जर्मनांविरुद्ध लढत होते. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत जर्मन ठाण्यावर चाल करताना धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस देण्यात आला. युद्धात शत्रूची चिन्हे आठवण म्हणून घेण्याची प्रथा होती. म्हणजे घरातील जुन्या पेटीत सापडलेले जर्मन चिन्ह आजोबांनी स्वतः धारण केलेले असू शकते किंवा रणांगणावर मिळवलेलेही. नोंद नसेल तर दोन्ही इतिहास सारखेच दिसतात.

१९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार अशा वस्तू किमान १०० वर्षे जुन्या असाव्या लागतात. त्यामुळे महायुद्धातील चिन्हांना हे संरक्षण अद्याप लागू होत नाही. जर्मनीत नाझी चिन्हांच्या जाहीर प्रदर्शनास बंदी आहे. शिक्षण व संशोधनाचा अपवाद आहे.

जबलपूरमध्ये ग्रेनेडियर्स आणि जम्मू-काश्मीर रायफल्स यांची प्रशिक्षण केंद्रे आहेत. अशा लष्करी शहरांत एखाद्या घरी असे चिन्ह आढळल्यास ते धुऊ नये, कागदपत्रांपासून वेगळे करू नये आणि घरातील ज्येष्ठांकडून त्याची हकिकत लिहून घ्यावी. ती हकिकत हरवली, की उरतो तो केवळ कापडाचा तुकडा.