ऊब असते ती हवेची

कॅनडाच्या उत्तरेकडचा गोठलेला समुद्र, तापमान उणे 30 अंशांच्या खाली. बर्फातल्या लहानशा भोकाशी तिथल्या मूळ रहिवासी इनुइटांपैकी एक शिकारी कमरेत वाकून उभा असतो. सीलला श्वासासाठी वर यावंच लागतं. त्यासाठी तो पुढच्या पायांच्या नखांनी बर्फ खरवडून अशी अनेक भोकं उघडी ठेवतो. त्यातल्या कुठल्या भोकाशी तो कधी येईल, याचा नेम नाही. पाय आपटून ऊब आणावी तर आवाज बर्फाखाली पोचतो आणि सील फिरकत नाही. त्यामुळे पायाखाली कातड्याचा तुकडा, नजर भोकातल्या बारीक काडीवर, आणि तासन् तास निश्चल उभं राहणं. काडी हलली की हार्पून, म्हणजे दोरी बांधलेला भाला मारायचा.

स्वस्थ उभ्या माणसाच्या शरीरात साधारण 100 वॅट उष्णता तयार होते. भराभर चालताना ती कित्येक पटींनी वाढते. गारठ्यात त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि बोटं बधिर होतात. कुडकुडल्याने उष्णता मिळते खरी, पण थरथरत्या हाताने नेम कसा साधणार? मग सगळी मदार कपड्यांवर.

हे कपडे कॅरिबूच्या, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या रेनडिअरच्या कातड्याचे. अंगरखे दोन: आतल्याचे केस अंगाकडे, वरच्याचे बाहेर. कॅरिबूच्या केसाच्या आत हवेने भरलेल्या सूक्ष्म पेशी असतात, शिवाय केसांच्या दाटीत आणखी हवा अडकून राहते. उष्णता रोखते ती ही कोंडलेली हवा. पाण्यातून उष्णता हवेच्या सुमारे 25 पट सहज निसटते, म्हणून शिकारी घामाला फार जपून असतो. स्लेजमागे धावताना अंग तापलं तर ढगळ अंगरख्याच्या गळ्याशी वाट मोकळी करायची; गरम, दमट हवा आपसूक वर निघून जाते. टोपीच्या कडेला वुल्व्हरिन या प्राण्याची फर लावतात, कारण श्वासाने तिच्यावर साचलेलं हिम हाताने सहज झटकता येतं. घरात शिरण्याआधी कपडे दांडक्याने झोडपून हिम काढायचं, नाहीतर ते आतल्या उबेत वितळून केस भिजवतं.

नॉर्वेचा संशोधक रोआल्ड आमुन्सेन 1903 ते 1905 या काळात नेटसिलिक इनुइटांच्या शेजारी राहून हे कपडे वापरायला शिकला. 1911 च्या डिसेंबरात तो दक्षिण ध्रुवावर पोचला, तेव्हाही त्याच्यापाशी फरचे कपडे होते. संशोधकांची नावं राहतात. हे ज्ञान सुईदोऱ्यात उतरवणाऱ्या बायकांची मात्र राहत नाहीत, याची मला मनापासून खंत वाटते.

कपड्यांसाठी उन्हाळ्याच्या अखेरीस मारलेल्या कॅरिबूचं कातडं निवडत. हिवाळ्यातले केस फार लांब आणि जाड, ते कातडं अंथरायला. शिवणाचा दोरा प्राण्याच्या पाठीतल्या कंडरांच्या तंतूंचा. समुद्राच्या बर्फावर मुक्काम हलला की कॅरिबूचं कातडं शिवणं नेटसिलिकांत निषिद्ध होतं. त्यामुळे घरातल्या प्रत्येकाचा जोड त्याआधीच, शरदातल्या किनाऱ्यावरच्या मुक्कामात शिवून तयार ठेवावा लागे.