नाशिकची पश्चिम वेस

एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्राची धुराडी नाशिकरोडवरून सहज नजरेत भरतात. १९७० पासून इथं वीज तयार होते. शहर जवळ येऊन ठेपलं, तरी गावाचा कारभार अजून ग्रामपंचायतीकडेच आहे. नाशिकरोडलाच विभागीय आयुक्तांचं कार्यालय. नाशिक, अहिल्यानगर, धुळे, जळगाव आणि नंदुरबार या पाच जिल्ह्यांच्या फायली तिथं येतात. यांपैकी नाशिक, धुळे आणि नंदुरबारची कड गुजरातला लागते. बेळगावचं नाव निघालं की मराठी माणूस पेटून उठतो; या कडेची आठवण मात्र त्याला सापुताऱ्याचं हॉटेल बुक करताना होते, तीही झालीच तर.

नाशिक जिल्हा १८६९ साली झाला. १९९९ मध्ये देवळा आणि त्र्यंबकेश्वर हे तालुके नव्यानं निघाले, तेव्हा संख्या पंधरावर गेली. निफाड, दिंडोरीचा द्राक्षपट्टा सगळ्यांच्या ओळखीचा. पेठ, सुरगाण्याकडे मात्र घाट उतरला की मुलूखच बदलतो. उतारावर नागली, वरई आणि खुरासणी, पावसाळ्यात भाताची खाचरं. पार, नार, अंबिका या नद्यांचं पाणी पश्चिमेला वाहून जातं. त्याच डोंगराळ भागात केमच्या डोंगरावर उगम पावणारी गिरणा पूर्वेकडे खानदेशात उतरते. नार-पारचं पाणी गिरणेत वळवायची योजना वर्षानुवर्षं भाषणांत गाजते आहे, ती या भूगोलामुळेच.

सुरगाणा १९४८ पर्यंत देशमुखांचं संस्थान होतं. त्याला खेटून डांग. तिथल्या भिल्ल राजांच्या वारसांना आजही होळीच्या आधी, आहव्याच्या डांग दरबारात, सरकारी मानधन दिलं जातं. डांग कुणाचा, यावर १९६० पूर्वी मोठा वाद झाला. डांगी ही मराठीची बोली, असं एका बाजूचं म्हणणं. ती गुजरातीची, असं दुसऱ्या बाजूचं. ज्यांची बोली, त्या कोकणा, वारली, भिल्लांना दोन्ही बाजूंच्या विद्वानांइतका बोलायचा अवसर मिळाला नाही. १ मे १९६० रोजी डांग गुजरातेत गेला. त्याच वेळी पश्चिम खानदेशातल्या नवापूर, नंदुरबार, तळोदा आणि अक्कलकुवा तालुक्यांतली काही गावं, तसंच ठाणे जिल्ह्यातल्या उंबरगावकडचीही गावं तिकडे गेली. डोंगऱ्या देवाचा उत्सव मात्र आजही दोन्हीकडच्या पाड्यांवर होतो.

भाषा मोजून रेघ ओढायचा हा खटाटोप पंजाबातही झाला. १९६६ मध्ये पंजाबातून हरियाणा वेगळा निघाला, पण अबोहर-फाजिल्का पट्ट्याचा वाद चालूच राहिला. १९८६ मध्ये मॅथ्यू आयोगापुढे कंदुखेडा या एका खेड्याची भाषा कळीची ठरली. गाव पंजाबी भाषक निघालं, त्यामुळे तो पट्टा हरियाणाला जोडणारी सलगता तुटली आणि मुलूख पंजाबातच राहिला. एका गावाच्या जिभेवर एवढं ओझं!

आपल्याकडे डिसेंबर २०२२ मध्ये उलटंच घडलं. सुरगाणा तालुक्यातल्या सीमेलगतच्या गावांनी आम्हाला गुजरातेत घ्या, अशी मागणी केली. त्यामागे भाषेचा अभिमान नव्हता. रस्ता, दवाखाना आणि वीज या साध्या गरजा होत्या. पलीकडचा डांबरी रस्ता रोज डोळ्यांसमोर असला, की राज्याच्या नावाचं अप्रूप उरत नाही. ज्या जिल्ह्यात एकलहऱ्याची धुराडी आहेत, त्याच जिल्ह्याच्या कडेला विजेसाठी तक्रार व्हावी, ही गोष्ट शरमेची आहे.

सुरत-भुसावळ मार्गावरचं नवापूर स्थानक ही या सीमेवरची सगळ्यांत गमतीची जागा. फलाट दोन राज्यांत विभागलेला. फलाटावर एक बाकडं आहे, त्याचं एक टोक महाराष्ट्रात तर दुसरं गुजरातेत. तिकीट खिडकी इकडे, स्टेशन मास्तर तिकडे. उद्घोषणा हिंदी, इंग्रजी, मराठी आणि गुजराती अशा चार भाषांत होतात.

दिवाळीच्या सुट्टीत वणीमार्गे सापुताऱ्याला निघालात, तर गुजरातची हद्द लागण्याआधी हातगडाला अर्धा दिवस द्या. गड सुरगाणा तालुक्यातच आहे.