ही पिवळी रेषा नेमकी कुणाची?

सोडियमच्या पिवळ्या प्रकाशाची तरंगलांबी ५८९.३ नॅनोमीटर यायला हवी, हे बीएस्सीच्या विद्यार्थ्याला प्रात्यक्षिकाआधीच ठाऊक असतं. मग वाचनं मागच्या वर्षीच्या जर्नलमधून उतरवली काय किंवा उत्तराला जुळवून घेतली काय, सही मिळतेच. ही सवय फक्त जळकोट-नळदुर्ग-उमरगा पट्ट्यातल्या छोट्या गावांची नाही, मोठ्या शहरांतही ती तितकीच मुरली आहे. वर्णपटशास्त्रात मात्र ती फार महाग पडते, कारण इथे रेषेच्या जागेवरूनच पदार्थ ओळखला जातो. ती जागा स्वतः न मोजणाऱ्याच्या हाती फक्त पाठांतर उरतं.

हे शास्त्र कसं वाढलं, ते पाहिलं तरी मुद्दा पटेल. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात सूर्याच्या कडेवरच्या ज्वालांचा वर्णपट भारतातून अनेकांनी पाहिला. गुंटूरला पिएर जान्सेन होते, पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात जॉन हर्शेल होते. त्या वर्णपटात एक पिवळी रेषा होती. ती सोडियमची मानणं साहजिक होतं. पुढे ऑक्टोबरमध्ये नॉर्मन लॉक्यर यांनी इंग्लंडमधून, ग्रहण नसताना, तिची जागा तपासली आणि ती सोडियमशी जुळेना. ती हेलियमची होती. पृथ्वीवर हा वायू रसायनशास्त्रज्ञ रॅम्झी यांना सापडायला १८९५ उजाडलं. हेलियमची ही रेषा ५८७.६ नॅनोमीटरवर, तर सोडियमची जोडी ५८९.० आणि ५८९.६ वर आहे. इंचाला १५,००० रेघांची ग्रेटिंग (प्रकाश रंगांत फोडणारी, बारीक रेघांची पट्टी) लावली, तर पहिल्या ऑर्डरमध्ये हेलियमची रेषा जवळच्या सोडियम रेषेपासून सुमारे तीन मिनिटं दूर दिसते (मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग). कॉलेजातल्या साध्या स्पेक्ट्रोमीटरचं व्हर्निअर एक मिनिट मोजतं. म्हणजे १८६८ चा तो निवाडा आपल्या प्रयोगशाळेतलं टेबलही करू शकतं. सोडियमच्या स्वतःच्या दोन रेषांत मात्र पहिल्या ऑर्डरला जेमतेम सव्वा मिनिटाचं अंतर पडतं, दुसऱ्या ऑर्डरला सुमारे साडेतीन मिनिटांचं. फट बारीक करत, दुर्बीण हळूहळू फिरवत ज्याने ती जोडी सुटी होताना पाहिली, त्याला रिझॉल्व्हिंग पॉवरची (जवळच्या रेषा सुट्या दाखवण्याच्या क्षमतेची) व्याख्या घोकावी लागत नाही.

कॉलेजात वर्णपटाची प्रयोगशाळा हवी, हा विचारही आपल्याकडे जुना आहे. एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवणाऱ्या कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी १८८२ मध्ये भावनगरच्या महाराजा तख्तसिंहजींकडून ५,००० रुपये मिळवले, ते याचसाठी. पुढे योजना बदलली आणि पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये वेधशाळा उभी राहिली. जानेवारी १८९८ च्या ग्रहणात नायगमवालांनी सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला वेध घेतले. पण १९१२ मध्ये ते निवृत्त झाले, वेधशाळा बंद पडली आणि उपकरणं कोडाईकनालला गेली. एका माणसाच्या बळावर चाललेलं काम त्याच्यासोबतच थांबलं. विद्या टिकवायची तर ती दरवर्षीच्या विद्यार्थ्यांच्या हातात उतरावी लागते.

यावर पहिला आक्षेप खर्चाचा. एका बॅचला एक-दोनच स्पेक्ट्रोमीटर असतील, तर प्रत्येकाचा हात लागणार कसा? सुरुवात जुन्या सीडीपासून करता येते. तिच्या दोन ओळींतलं अंतर १.६ मायक्रोमीटर, म्हणजे जवळजवळ इंचाला १५,००० रेघांच्या त्या ग्रेटिंगइतकंच. पुठ्ठ्याच्या खोक्यात ती बसवून प्रत्येकाला एलईडी आणि ट्यूबलाइट यांच्या वर्णपटांतला फरक पाहता येतो. अशा खोक्यात सोडियमची जोडी सुटी होणार नाही, हे खरं. पण ती का होत नाही, या प्रश्नानेच मुलं स्पेक्ट्रोमीटरकडे वळतील. दुसरा आक्षेप वेळेचा, आणि तो अधिक वजनदार आहे. अभ्यासक्रमातले सगळे प्रयोग असे करायचे तर सत्र पुरणार नाही. मग प्रयोग कमी करावेत. दहा उरकण्यापेक्षा चार नीट झालेले बरे. तिसरा आक्षेप असा की, आजची यंत्रं आलेख आपोआप काढतात, मग डोळा लावून बसायचं कशाला? पण यंत्राची फट किती रुंद, त्याची मोजपट्टी कशावरून ठरवली, हे न कळणारा पदवीधर छापील आकड्यावर विसंबतो. औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत ही चूक परवडत नाही.

खरा अडसर परीक्षेचा आहे. अपेक्षित उत्तराला गुण मिळत राहिले, तर वाचनं जुळवली जाणारच. म्हणून प्रात्यक्षिक परीक्षेत नाव झाकलेला दिवा द्यावा, कुणाला सोडियमचा, कुणाला हेलियमचा. मूळ वाचनं, त्रुटीचा अंदाज आणि त्यावरून काढलेला निष्कर्ष यांना गुण द्यावेत. उत्तर थोडं चुकलं तरी चालेल. याला नवं यंत्र लागत नाही, प्रश्नपत्रिका बदलण्याची तयारी तेवढी लागते.