चकाकीसाठी किती घासायचं?

सोसायटीच्या पार्किंगमध्ये रोज सकाळी गाड्या पुसल्या जातात. बादली एक, फडकं एक आणि गाड्या सात-आठ. रात्रभर बसलेल्या धुळीत क्वार्ट्झचे कण असतात. मोहस् मापावर त्यांचा कठीणपणा ७, म्हणजे काचेवरही ओरखडा उठवील इतका. गाडीच्या रंगावरचा पारदर्शक थर, ज्याला क्लिअर कोट म्हणतात, तो तर रेझिनचा, प्लास्टिकच्या जातीचा. त्यावरून कोरडं फडकं फिरलं की कण फरफटत जातात. मग काळी गाडी उन्हात उभी केली की बॉनेटवर बारीक वर्तुळांची जाळी दिसते.

गंमत अशी, की ही वर्तुळं तिथे नसतातच. ओरखडे आडवेतिडवे, वाटेल त्या दिशेचे असतात. पण प्रत्येक ओरखडा प्रकाश मुख्यतः आपल्या लांबीला काटकोनात फेकतो. त्यामुळे सूर्याच्या प्रतिबिंबाला वळसा घालणाऱ्या दिशेचे ओरखडेच डोळ्याला दिसतात, बाकीचे लपतात. डोकं हलवलं की वर्तुळाचा मध्यही सरकतो. वापरातलं स्टीलचं ताट दिव्याखाली धरा, हाच खेळ दिसेल. पांढऱ्या गाडीवर ओरखडे कमी नसतात. तिच्या रंगकणांवरून चहूकडे परतणाऱ्या प्रकाशात ते बुडून जातात. काळा रंग प्रकाश शोषतो, म्हणून ते उठून दिसतात.

रबिंग-पॉलिश मारल्यावर हे ओरखडे जातात कुठे? न्यूटनने १७०४ साली ‘ऑप्टिक्स’मध्ये काचेबद्दल लिहिलं होतं, की पॉलिश केल्याने पृष्ठभाग पूर्ण सपाट होत नाही, घासून घासून त्यावरचे चरे दिसणार नाहीत इतके बारीक होतात. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी ०.४ ते ०.७ मायक्रॉन. पृष्ठभागावरचा उंचसखलपणा याहून बराच लहान झाला, की प्रकाश विखुरण्याऐवजी आरशासारखा परततो. पॉलिशच्या कंपाउंडमधले अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचे कण हेच करतात. मोठ्या चऱ्यांच्या जागी ते स्वतःचे अतिसूक्ष्म चरे पाडतात, आणि त्यासाठी आजूबाजूचा पृष्ठभाग चऱ्याच्या तळापर्यंत उतरवावा लागतो.

म्हणजे चकाकी हवी तर थर द्यावा लागतो, आणि द्यायला फार काही नसतं. पत्र्यावरचे प्रायमर, रंग, क्लिअर कोट मिळून सगळे थर साधारण १०० ते १५० मायक्रॉन. त्यात क्लिअर कोटचा वाटा ४०च्या आसपास. एका सौम्य फेरीत १ ते ३ मायक्रॉन निघतात. याच थरात अतिनील किरण अडवणारी रसायनं असतात. तो पातळ झाला की ऊन खालच्या रंगापर्यंत पोचू लागतं. टपावर पांढरे पापुद्रे सुटलेल्या जुन्या गाड्या आठवा. त्या अवस्थेला कोणतंही पॉलिश उपयोगी नाही, पुन्हा रंगच मारावा लागतो.

म्हणून घरच्या कामाला माझी पसंती ड्युअल अ‍ॅक्शन पॉलिशरला. त्यात पॅड मध्यापासून थोडं सरकून छोट्या वर्तुळात हलतं आणि स्वतःभोवती मोकळेपणाने फिरतं. जास्त दाबलं की ते फिरणं थांबतं, नुसती थरथर उरते, रंग वाचतो. पॅडमागच्या चकतीवर मार्करने एक रेघ मारून ठेवा. रेघ फिरताना दिसली तर दाब ठीक. पैसे वाचवायला काही जण घरातल्या ग्राइंडरलाच पॅड लावतात. तसं कृपया करू नका. मिनिटाला ११,००० फेरे घेणाऱ्या यंत्रावर ४ इंची पॅडची कड ताशी २०० किलोमीटरच्या वर धावते. त्या घर्षणाने क्लिअर कोट क्षणात जळतो.

बंपरवर आणखी सांभाळून. पत्रा उष्णता पसरवतो, प्लास्टिक ती जागीच धरून ठेवतं. दरवाजांच्या आणि बॉनेटच्या कडांवर रंग मुळात पातळ, त्यात पॅडचा सगळा दाब तेवढ्याच रेघेवर येतो. तिथे मास्किंग टेप लावलेली बरी. गाडी आधी धुतलेली हवी, सावलीत हवी, पत्रा हाताला गार लागला पाहिजे. सुरुवात सगळ्यात मऊ पॅडने आणि सगळ्यात बारीक पॉलिशने, दोन फूट चौरसाच्या एकाच तुकड्यावर करावी. नख अडकतं तो ओरखडा सोडून द्या. तो काढायच्या नादात क्लिअर कोटच संपेल.

निकाल लगेच खरा मानू नका. बऱ्याच पॉलिशमध्ये तेल असतं. ते चऱ्यांत भरतं, आणि हवेपेक्षा त्याचा अपवर्तनांक क्लिअर कोटला जवळचा असल्याने प्रकाश त्या चऱ्यांवर फारसा विखुरत नाही. चरे तिथेच असतात, फक्त दिसत नाहीत. पाणी मिसळलेलं आयसोप्रोपिल अल्कोहोल स्वच्छ मायक्रोफायबरवर घेऊन तो तुकडा पुसा आणि टॉर्च तिरपी धरा. चरे परत दिसले तर ते तेलाने झाकले होते. मग दुसरी फेरी मारायची की एवढ्यावर थांबायचं, ते ठरवा. मी बहुतेक वेळा थांबेन.